वट्ट्यावर दिलेली साइड

१

त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात औंढ्याच्या अलीकडं रस्ता असा काही तुंबायचा की विचारू नका. दुष्काळी कामं निघालेली. अर्ध्या रस्त्यावर खडीचे ढीग, उरलेल्या अर्ध्यावर खडी फोडणारी माणसं, आणि त्यांच्यामधून हिंगोलीहून वसमतकडं मिलोची, म्हणजे अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीची, पोती घेऊन निघालेले ट्रक. एखादी बैलगाडी जरी आडवी झाली तरी दोन तासांची निश्चिंती. त्या मंगळवारी तर एक भरलेला ट्रक कलंडून मोरीवर आडवा पडला होता. त्याच्यामागं वीस-बावीस गाड्या. ड्रायव्हर मंडळी गाड्यांच्या सावलीत लवंडली होती, कुणी पत्ते काढले होते.

सोनाजीची गाडी सगळ्यात शेवटी होती. एरवी त्यानंही डोक्याखाली रुमाल घेऊन ताणून दिली असती. आज मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. चार वेळा केबिनमधून उतरला, चार वेळा चढला. पुढं जाऊन त्या कलंडलेल्या गाडीला शिव्या घालून आला. तेवढ्यानं ती थोडीच उठणार होती!

त्याची बायको जनका दोन वर्षांपासून भावाच्या घरी होती. म्हणाल तर भांडण असं काही नव्हतंच. सोनाजीनं तिला कधी हात लावला नाही की वाईट बोलला नाही. तो फक्त कधीच वेळेवर आला नाही. सणाला येतो म्हणायचा आणि सण उलटल्यावर उगवायचा. ताट वाढून वाढून ती थकली आणि एक दिवस भावाबरोबर निघून गेली. त्यानंतर दोनदा त्यानं आणायला येतो म्हणून निरोप धाडला. एकदा टायर बसला, एकदा मालकानं अकोल्याला पिटाळलं. दोन्ही वेळा ती दिवसभर सामान बांधून ओसरीवर बसली होती, असं त्याला मागाहून कळलं.

आता तिचाच निरोप आला होता. मंगळवारी मी शिरड शहापूरच्या फाट्यावर येऊन बसते. साडेसहाच्या एसटीपर्यंत वाट पाहीन. तुमी आले तर तुमच्या गाडीत बसीन, न्हाई आले तर एसटीत बसून माघारी जाईन. मग पुन्हा निरोप धाडू नका.

आणि आता दुपारचे तीन वाजले होते.

"अरे सोन्या, असा काहून उड्या मारून राहिला?" पुढच्या तिसऱ्या गाडीच्या चाकाला टेकून बसलेला शंकरसिंग म्हणाला. सोनाजीच्या बरोबरीचाच, बारा वर्षं याच रस्त्यावर घासलेला माणूस. "तुझी गाडी शेवटी हाय ना? मग रिव्हर्स घे अन् पोटातून जाय. आमी अडकलो, तू कशाला अडकतो?"

"पोटातून" म्हणजे धरणाच्या पोटातून.

२

सिद्धेश्वरचं पाणी त्या वर्षी एवढं खाली गेलं होतं, की धरणात बुडालेला जुना रस्ता उघडा पडला. आधी बैलगाड्या गेल्या, मग एका धीट ड्रायव्हरनं ट्रक घातला, आणि तीन आठवड्यांत ती ड्रायव्हर लोकांची चोरवाट होऊन बसली. औंढ्याच्या अलीकडं उजवीकडं उतरायचं, धरणाच्या पोटातून आठ-नऊ मैल तोडायचे, की थेट शिरडच्या फाट्याजवळ निघता येतं.

फक्त रस्ता एका गाडीचा. दोन्ही बाजूंना गाळ, वरून सुकलेला आणि आतून लोण्यासारखा. समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकाला मैल मैल मागं जावं लागे. म्हणून शंकरसिंगनंच युक्ती काढली होती. आपल्या जुन्या फेट्याची तांबडी पट्टी फाडून त्यानं झेंडी केली. झेंडी एकच. अलीकडच्या बाभळीवर बांधलेली असली तर रस्ता रिकामा. ती सोडायची, बरोबर घ्यायची आणि पलीकडं निघाल्यावर तिथल्या लिंबाला बांधायची. झेंडी जागेवर नसली तर कुणीतरी आत आहे, गुमान थांबायचं. चार गाड्या एकामागं एक उतरल्या तर शेवटच्यानं घ्यायची. ना शिपाई, ना सरकारचा कागद. पण एवढ्या दिवसांत एकाही ड्रायव्हरनं हा नियम मोडला नव्हता. सगळ्यांना आपापला जीव प्यारा होता.

सोनाजी उतारावर पोचला तेव्हा झेंडी बाभळीवरच होती. त्याला एवढं बरं वाटलं की झाडालाच त्यानं रामराम घातला. गाठ सोडली, झेंडी स्टेरिंगला गुंडाळली, तोंडाला रुमाल बांधला आणि गाडी खाली घातली.

सव्वातीन. दीड तास लागला तरी पावणेपाच. आज आपण तिच्या आधी जरी नाही, तरी एसटीच्या आधी नक्की पोचणार, असं तो मोठ्यानं म्हणाला. केबिनमध्ये ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. दोन वर्षांत ही खोड त्याला लागली होती. आधी तो गाडीशी बोलायचा, मग आरशातल्या स्वतःशी बोलायला लागला. लाज वाटायची, पण दिवसभर तोंड मिटून माणसानं राहायचं तरी किती!

खाली उतरलं की वारा पडायचा. चहूकडं भेगाळलेला गाळ, त्यात पांढरे शिंपले, मध्येच काळ्या पडलेल्या झाडांची खुंटं. पाखरू दिसत नव्हतं. लांब खाली, खोलगट भागात तेवढं उरलेलं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं. गाडीच्या आवाजाशिवाय आवाज नाही. सोनाजी ह्या वाटेनं सात-आठदा गेला होता, पण दरवेळी पुढं-मागं कुणीतरी गाडी असायची. एकटा तो आज पहिल्यांदाच उतरला होता.

तीन मैल झाले असतील-नसतील, समोरून हॉर्न वाजला.

दोन आखूड, एक लांब.

३

सोनाजीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

त्यानं स्टेरिंगकडं पाहिलं. झेंडी होती. तांबडी, घामानं आणि तेलानं कडक झालेली, शंकरसिंगच्या फेट्याची. झेंडी आपल्या हातात आहे म्हणजे रस्त्यात कुणी नाही. हे तर लहान लेकरालाही कळलं असतं.

"असंल कुणी चोर," तो म्हणाला. "नवा असंल. नियम म्हाईत नसंल." मग वाटलं, पाटबंधारे खात्याची जीप असेल, साहेब लोकांना कुठली झेंडी अन् कुठलं काय. मग वाटलं, आपलाच आवाज डोंगरावर आपटून माघारी आला असेल. पण त्यानं हॉर्न वाजवलाच नव्हता, आणि तिथं डोंगरही नव्हता.

दोन आखूड, एक लांब ही तर त्याचीच तऱ्हा होती. गल्लीच्या तोंडाशी आला की तो तसा हॉर्न द्यायचा आणि जनका भाकरीचा तवा खाली उतरवून दारात यायची. असे हॉर्न देणारे काय जगात दुसरे नसतील? असतील की. त्यानं स्वतःला दटावलं आणि गाडी पुढं काढली. कारण पुढं अर्ध्या मैलावर वट्टा होता, आणि दोन गाड्यांना एकमेकींच्या बाजूनं जाता येईल अशी सगळ्या रस्त्यात तेवढी एकच जागा होती.

वट्टा म्हणजे बुडालेलं जुनं गाव. नाव असेल त्याला एखादं, पण ड्रायव्हर लोक नुसतं वट्टा म्हणत. मातीच्या भिंती पाण्यानं केव्हाच खाल्ल्या होत्या. दगडी जोती तेवढी राहिलेली, ओळीनं, मध्ये गल्ल्यांसारख्या रिकाम्या जागा. कुठं उंबऱ्याचा दगड, कुठं अर्धं जातं. उजव्या हाताला चावडीचा फरसबंद चौथरा होता. त्यावर गाडी चढवली की रस्ता मोकळा व्हायचा.

सोनाजीनं गाडी चढवली आणि इंजिन बंद केलं.

शांतता एवढी झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. मग त्या शांततेत समोरची गाडी ऐकू येऊ लागली. चढ आला की तिचा दुसरा गेर कट्ट करून उडायचा, घटकाभर इंजिन नुसतंच गरजायचं, मग पुन्हा गेर बसायचा. सोनाजीला हसू फुटलं. त्याच्याही गाडीचा दुसरा गेर असाच उडायचा. गुडघ्यानं दाबून धरावा लागायचा. 'बिचाऱ्याचा मालकबी आपल्या मालकासारखाच दिसतो,' असं त्याच्या मनात आलं.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. आवाज जवळ येत होता, आणि धूळ मात्र कुठंच उठलेली दिसत नव्हती. रस्ता लख्ख मोकळा. त्यानं डोळे चोळले. आणि मग एकदम, जणू वट्ट्याच्या तोंडाशीच तयार झाल्यासारखी, धूळ आली. तिच्यातून ट्रकचं नाकाड बाहेर आलं.

सोनाजी चौथऱ्यावर उजवीकडं चढलेला, म्हणून त्या गाडीची डावी बाजू त्याच्या अंगाला आली. ड्रायव्हर पलीकडं, धुळीत. अलीकडं, त्याच्या केबिनच्या डाव्या खिडकीपासून हातभर अंतरावर, एक बाई बसली होती. दारावर तिचा हात होता. हिरव्या बांगड्या, नव्या कोऱ्या. मांडीवर गाठोडं असावं.

ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. दुसऱ्याच्या केबिनमध्ये बाईमाणूस असलं तर तिच्याकडं पाहायचं नाही. रस्त्यावरची माणसं आधीच नाही नाही ते बोलतात, आपण तरी एकमेकांची अब्रू राखायची. सोनाजीनं ही रीत बारा वर्षं पाळली होती. आत्ताही त्यानं मान खाली घातली आणि साइड दिल्याची खूण म्हणून नुसता हात वर केला.

गाडी सावकाश, अगदी खेटून गेली. बाई हसत होती. काहीतरी सांगत होती, मध्येच विचारत होती. इंजिनाच्या घरघरीत शब्द कळले नाहीत. पण आवाज सुखी बाईचा होता, एवढं मात्र कळलं. खूप दिवसांचं साठलेलं कुणाला तरी सांगायला मिळालं की माणूस बोलतो, तसं ती बोलत होती.

सोनाजीला हेवा वाटला म्हणा ना! तासाभरानं आपल्याही केबिनमध्ये अशीच कुणी बसलेली असेल, असं मनाशी म्हणून त्यानं डोळे पुसले. धूळ गेली होती डोळ्यांत.

४

गाडी पुन्हा रस्त्यावर घेतल्यावर शंभर पावलं गेला असेल, तेव्हा ते त्याच्या ध्यानात आलं.

समोरच्या रस्त्यावर चाकांचा माग नव्हता.

म्हणजे कालचा होता, धुळीनं बुजत चाललेला. त्याच्यावरून एखाद्या टिटवीची पावलं गेली होती. बारीक, त्रिशूळासारखी, एकापुढं एक. एकही पाऊल पुसलेलं नव्हतं. आत्ताच ह्याच रस्त्यावरून दहा टनांचा ट्रक येऊन गेला होता!

तो खाली उतरला. वाकून पाहिलं. बोटानं एक पाऊल मोडून पाहिलं, ते मोडलं. मग उगाच उभा राहिला. मागं वळून वट्ट्याकडं पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

"त्यानं दुसऱ्या वाटेनं गाडी घातली असंल," तो म्हणाला. दुसरी वाट नव्हती. "वाऱ्यानं बुजलं असंल." वारा नव्हता. आपलंच बोलणं आपल्याला पटत नाही म्हटल्यावर तो केबिनमध्ये चढला आणि साडेसहाची एसटी तेवढी डोळ्यांसमोर ठेवून गाडी हाणू लागला. माग असो नसो, जनका फाट्यावर आहे. बाकीचं मागाहून पाहू.

पलीकडं निघाल्यावर एवढ्या घाईतही त्यानं झेंडी लिंबाला बांधली. फाटा दिसायला लागला तसा हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब.

पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सोनाजी वेळेवर आला होता.

५

फाट्यावर गोजरबाईचं चहाचं छप्पर होतं. पुढं एक बाकडं. बाकड्यावर कुणी नव्हतं.

गोजरबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. सोनाजीला ती नावानं नाही तरी तोंडानं ओळखत होती. महिन्यातून चारदा तो तिच्याकडं चहा प्यायचा.

"काय दादा, माघारी काहून आले? काई इसरलं का?"

"माघारी?" सोनाजी म्हणाला. "आत्ताच तर येऊन राहिलो. मावशी, इथं एक बाई बसली व्हती का? सामान घेऊन?"

गोजरबाई हसली. चेष्टा करतोय असं तिला वाटलं असावं. "बसली व्हती की. सकाळी दहापासून बसली व्हती. पाणी दिलं तर पाणी घेईना, नदर रस्त्याला लागलेली. मग तीनला तुमी आले अन् घेऊन गेले."

"मी?"

"मग कोन, मी?"

"मावशी, मी औंढ्याच्या अलीकडं अडकलो व्हतो. तुमी नीट पाहिलं का?"

"आता मला आंधळी करता का! तुमी खाली उतरले न्हाई, आतूनच दार उघडलं. तोंडाला हाच रुमाल. पर हॉर्न वळखीचा न्हाई का? म्या चुलीपुढं व्हते, तिनंच आधी ऐकला. दोन बारके, एक लांब. ताडकन उठली. म्हणली, माझा मानूस आला. येळेवर आला." गोजरबाईचा आवाज जरा ओला झाला. "लई रडली वो. मग हसली. तुमी हात दिला अन् वर घेतलं. जाता जाता मला म्हणली, मावशी, आता माझं काईच म्हणनं न्हाई."

सोनाजी बाकड्यावर बसला. ते उन्हानं तापलं होतं, पण मधली बसायची जागा गार लागली.

"गाडी कुकडं गेली?"

"तुमाला ठावं न्हाई?" गोजरबाईनं आता त्याच्याकडं नीट पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिचं हसू मावळलं. पदरानं तोंडावरचा घाम टिपत ती एक पाऊल मागं सरली. "धरणाच्या पोटात गेली. दादा, तुमी... तुमी जा बरं इथून. मी बाई एकलीच असते इथं."

चहा घे म्हणून ती त्याला म्हणाली नाही.

साइड त्यानंच दिली होती. बायको हातभर अंतरावरून गेली आणि हा शहाणा मान खाली घालून बसला. रीत पाळत! त्याला आपलंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

६

गाडी वळवून तो पुन्हा लिंबापाशी आला. झेंडी सोडायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. धाडकन गाडी खाली घातली.

रस्त्यावर त्याच्याच चाकांचा माग होता, येतानाचा. दुसरा नाही. वट्ट्यापर्यंत नाही. वट्ट्यावर त्यानं जनकेला हाका मारल्या. जोत्यांच्या ओळींतून हाक गेली आणि कुठंही न आपटता संपली.

वट्टा ओलांडून पन्नास पावलं गेल्यावर मात्र दुसरा माग लागला. ताजा, दुहेरी टायरचा. रस्ता सोडून तो डावीकडं उतरत होता. तिकडं जुन्या गावाचा घाट होता, आणि घाटाच्या खाली उरलेलं पाणी. त्या गाळात बैलसुद्धा गेला नसता. सोनाजी गाडी तशीच सोडून मागावरून पळत सुटला. पायाखालची ढेकळं दर पावलाला दबत होती.

ऊन कलतं झालं होतं, पण उजेड भरपूर होता. पाहण्यात चूक व्हावी असा उजेड नव्हता.

घाटाच्या पायऱ्यांपाशी गाडी उभी होती. मागची फळी त्याच्याकडं, तोंड पाण्याकडं. इंजिन चालू होतं. डाव्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला होता. जनका बोलत होती. आता सगळं ऐकू येत होतं. तो नसताना गेलेल्या सणांचं सांगत होती. भावजयीचं सांगत होती. कधी दिवा लावला, कधी नाही लावला ते सांगत होती. समोरचा ऐकत असावा, कारण ती मध्येच थांबायची आणि "व्हय न्हाई का?" म्हणून हसायची. असं ती सोनाजीशी लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा बोलली नव्हती. तेव्हा तरी तो घरी कुठं असायचा?

हाक मारायला गेलेला सोनाजी जागीच थांबला. त्याला एकाएकी भीती वाटली. त्या गाडीत कोण बसलंय, याची ती भीती नव्हती. तिनं मागं पाहिलं तर काय होईल, याची होती. वेळेवर जो आला तो तिच्याजवळ बसला होता.

गाडीचा गेर पडला. दुसरा कट्ट करून उडाला, पुन्हा बसला. पुढची चाकं पायरीवरून खाली गेली.

"जनका!" तो जीव खाऊन ओरडला. "जनका, उतर! मी हितं हाय! मी आलो!"

खिडकीतून ती वाकली आणि मागं पाहिलं. तीच होती. डोळे रडून सुजलेले, तोंडावर हसू. तिनं त्याला पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. गाळानं माखलेला, धापा टाकणारा, हात पुढं केलेला एक माणूस. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा तिनं पदर पुढं ओढला, मान आत घेतली, आणि शेजारच्याला हळूच म्हणाली, "चला ना. कुणी तरी हाय मागं."